चेतासंस्था शिकताना या चुका टाळा: सुरुवात 'नस' या शब्दापासून

नववीच्या वह्या तपासताना दरवर्षी एक वाक्य हमखास सापडतं: 'नसांमधून रक्त आणि संदेश वाहतात.' यात मुलांचा दोष नाही, आपण घरात बोलतोच तसं. सलाईन लावताना नर्स म्हणते 'नस सापडत नाहीये', ती शीर असते. मान अवघडली की 'नस आखडली' म्हणतो, तिथे बहुतेकदा स्नायू आखडलेला असतो. कमरेत 'नस दबली' म्हणतो तेव्हा मात्र खरोखर चेता असते. आणि नसबंदीतली 'नस' म्हणजे शुक्रवाहिनी! एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी.

म्हणून पहिली दुरुस्ती: उत्तरात 'नस' लिहायचंच नाही. रक्त नेते ती शीर किंवा धमनी, संदेश नेते ती चेता. चेता ही पोकळ नळी नसते. सुतळीत जसे धागे, तशी ती चेतातंतूंची जुडी असते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे हाडाला नाही, कातडीखालून जाणाऱ्या चेतेला मार बसलेला असतो.

'मज्जा' या शब्दानेही असाच घोळ होतो. जुन्या पुस्तकांत मज्जासंस्था, विश्वकोशात तंत्रिका तंत्र, बालभारतीच्या पुस्तकात चेतासंस्था, तिन्ही एकच. पण मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अस्थिमज्जा हाडाच्या पोकळीत असते आणि रक्तपेशी तयार करते. मज्जारज्जू, म्हणजेच मेरुरज्जू, मणक्यांच्या नलिकेतून उतरतो आणि त्यातून चेतांच्या 31 जोड्या निघतात. आकृतीत मुलं तो थेट माकडहाडापर्यंत ओढतात. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, पुढे फक्त चेतांचा झुपका असतो. 'पाठीतलं पाणी' काढताना डॉक्टर सुई त्याच्या खाली घालतात ते यासाठीच. या तपासणीने माणूस लुळा पडतो अशी भीती अजून अनेक घरांत आहे, म्हणून ही आकृती मी आवर्जून दुरुस्त करून घेते.

तार नव्हे, फटाक्यांची माळ

सगळ्यात खोल रुतलेली चूक ही. 'चेतातंतू म्हणजे विजेची तार' हे सांगायला सोपं आहे, पण त्यामुळे पुढचं काहीच नीट कळत नाही. लवंगी फटाक्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. पेट पुढे सरकते, फटाका जागचा हलत नाही. चेतातंतूच्या पटलावर एका जागची दारं उघडतात, सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) आत घुसतात, आतला विद्युतदाब उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असतो तो क्षणात धन होतो, आणि त्याच धक्क्याने शेजारची दारं उघडतात. फरक इतकाच, की ही माळ काही सहस्रांश सेकंदांत पुन्हा पेटायला तयार होते.

बारावीची मुलं इथे हमखास घसरतात. दाब पुन्हा उणे होतो तो पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे, पंपामुळे नव्हे. 3 सोडियम बाहेर आणि 2 पोटॅशियम आत घेणारा पंप मागाहून सावकाश साठा जागेवर लावतो. आणि जोरात चिमटा काढला म्हणून एकेक संदेश मोठा होत नाही. फटाका फुटला तर पूर्ण फुटतो. जास्त जोर म्हणजे त्याच तंतूतून जास्त वेळा संदेश, आणि जास्त तंतू कामाला.

वेगही विजेचा नव्हे. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या चेतेत तो मोजला, सेकंदाला 30 मीटरच्या आसपास भरला. आपल्या सर्वांत वेगवान तंतूंत तो 120 मीटरपर्यंत जातो, तर रेंगाळणाऱ्या वेदनेच्या बारीक तंतूंत जेमतेम 1 मीटर. पायाची करंगळी उंबऱ्याला आपटली की आधी फक्त 'लागलं' हे कळतं आणि खरी कळ क्षणभराने चढते, ती याचमुळे.

आकृतीत दोन चेतापेशी (चेतातंतू हा त्यांचाच लांब धागा) एकमेकींना चिकटवू नका. मध्ये संपर्कस्थानाची फट सोडा. बहुतेक ठिकाणी ती फट रसायनं ओलांडतात, आणि बाण एकाच दिशेने जातो.

पट्टी पकडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया नाही

मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा, शून्याशी आपली बोटं उघडी ठेवा, तो सोडेल तेव्हा पकडा. 15 सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे 0.17 सेकंद लागले. प्रयोग छान आहे, पण वहीत मुलं लिहितात 'प्रतिक्षिप्त क्रिया मोजली', म्हणजे मेंदूने ठरवण्याआधी आपोआप होणारी क्रिया. नाही! पट्टी डोळ्यांनी पाहिली, मेंदूने ठरवलं, मग बोटं मिटली. ही ऐच्छिक क्रिया झाली.

तव्याला बोट लागतं तेव्हा हात मागे घेण्याचा हुकूम मेरुरज्जूतूनच सुटतो. मात्र 'मेंदूला कळतच नाही' हेही लिहू नका. खबर वर जाते, फक्त तिची वाट पाहिली जात नाही. म्हणून हात आधी हटतो आणि 'आई गं' नंतर येतं.

शेवटची चूक पुन्हा शब्दाचीच. आपोआप चालणाऱ्या कामांच्या चेतासंस्थेचे दोन भाग, अनुकंपी आणि परानुकंपी. 'अनुकंपी' ऐकलं की मुलांना अनुकंपा आठवते, आणि ती विश्रांतीचं काम तिच्याकडे देऊन टाकतात. निवांत बसल्यावर नाडी संथ करणारी, लाळ सुटू देणारी, पचन चालवणारी ती परानुकंपी. अनुकंपी म्हणजे प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी छातीत होणारी धडधड, तोंडाला पडलेली कोरड आणि पेनावर घसरणारी घामेजलेली बोटं.