"सर, ऑडिशन कधी आहे?" : ऑनलाइन जाहिरात देताना या चुका टाळा

आपल्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्या काकांचा भर दुपारी फोन आला. "गुगलच्या जाहिरातीनं लई फोन यायलेत."

"मग बरंच झालं की, काका."

"काय बरं झालं? सकाळपासनं सात जणांनी विचारलं, ऑडिशन कधी हाय म्हणून."

वेबसाइट होती ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या सुट्या भागांची. जाहिरात त्यांच्या पुतण्यानं एका रात्रीत चालू केलेली. कीवर्ड, म्हणजे जो शब्द शोधला की जाहिरात दिसावी तो, एकच: कास्टिंग. उद्यमनगरात हयात गेलेल्या माणसाला कास्टिंग म्हणजे ओतकाम. बाकी जगाला कास्टिंग म्हणजे सिनेमा आणि सिरियल. त्यातून आपल्या गावाला मोरेवाडीत चित्रनगरी, म्हणजे बघायलाच नको.

यात गुगलची काही लबाडी नाही. कीवर्ड नुसता टाकला की तो ब्रॉड मॅच धरला जातो. म्हणजे या शब्दाच्या आसपासचं काहीही कुणी शोधलं तरी माझी जाहिरात दाखवा, असं आपणच लिहून देतो. तोच कीवर्ड अवतरणचिन्हांत टाकला तर फ्रेज मॅच होतो, म्हणजे त्या अर्थाचे शब्द ज्यात आहेत तेवढेच शोध; चौकोनी कंसात टाकला तर एक्झॅक्ट, म्हणजे नेमक्या त्याच अर्थाचे. दोन चिन्हांचा फरक आहे, पण घाईत असलेल्या माणसाला तेवढाही वेळ नसतो.

मी खातं उघडून आधी सर्च टर्म्सचा रिपोर्ट काढला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं आणि आपल्या जाहिरातीवर आले, ते तिथं दिसतं. वेब सिरीजचं कास्टिंग, बालकलाकार पाहिजेत, फाउंड्रीत व्हेकन्सी. 'कास्टिंग डिफेक्ट्स पीडीएफ' शोधणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही होते, बहुतेक परीक्षा जवळ आली असावी. आठ दिवस रोज चारशे रुपये गेले होते आणि खरे गिऱ्हाईक म्हणावेत असे शोध तीन.

मग निगेटिव्ह कीवर्ड घातले, म्हणजे हे शब्द कुणी शोधले तर जाहिरात दाखवू नका. इथं पुतण्यानं पुन्हा घाई केली. 'मॉडेल' शब्द बंद करू म्हणाला. अरे बाबा, पंपाचा मॉडेल नंबर टाकून सुटा भाग शोधणारा माणूसही मग बाहेरच राहील! निगेटिव्ह घालताना आपला गिऱ्हाईक तो शब्द कधी वापरेल का, हे आधी बघायचं. दुसरं म्हणजे निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत. 'जॉब' अडवला म्हणून 'नोकरी' अडत नाही. मी तर प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा घालतो. आणि रिपोर्टमध्ये सगळे शोध दिसत नाहीत, अगदी तुरळक येणारे गुगल झाकून ठेवतं. त्यामुळं जे दिसतं ते तरी नीट वाचा.

माझी सवय सांगतो. पहिले तीन आठवडे सोमवार आणि गुरुवार, सकाळी मिसळ खाऊन आलो की हा रिपोर्ट. बाकी आकडे नंतर. आणि कीवर्ड ठरला की तो धंद्याबाहेरच्या दोन माणसांना नुसता ऐकवायचा, काय आठवलं ते विचारायचं. फुकटात होतं.

गावाची निवड

लोकेशनमध्ये कोल्हापूर निवडलं म्हणजे जाहिरात कोल्हापुरातच दिसते, असा सगळ्यांचा समज. मूळ सेटिंग वेगळं असतं: कोल्हापुरात असलेले, आणि कोल्हापुरात रस दाखवणारेही. राजारामपुरीत पाण्याच्या टाक्या धुऊन देणाऱ्याला नागपुरात बसलेल्या माणसाच्या क्लिकचा काय उपयोग? त्यानं फक्त 'इथं असलेले' हाच पर्याय घ्यावा. पण अंबाबाईच्या देवळाजवळ लॉज असेल तर हे सेटिंग बदलू नका. तुमचा गिऱ्हाईक पुण्यात बसूनच खोली शोधत असतो. यूट्यूबवर 'हे सेटिंग लगेच बंद करा' म्हणणाऱ्यांना लॉजवाला आठवत नाही.

छोट्या चुका, पण रोजच्या

सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरही जाहिरात दाखवायची, टिक तशीच राहू देणं. लहान पोरं गेम खेळताना तुमच्या जाहिरातीवर बोट ठेवतात आणि तुम्ही क्लिक मोजत बसता.

ऑप्टिमायझेशन स्कोअर, म्हणजे गुगल आपल्या खात्याला देतं ते गुण, शंभर करायच्या नादात गुगलची प्रत्येक शिफारस मान्य करणं. शिफारस नाकारली तरी तो स्कोअर वाढतो. यावरून काय ते समजा.

आपली जाहिरात दिसते का म्हणून दिवसातून दहा वेळा स्वतःच शोधणं. त्यासाठी खात्यातच अ‍ॅड प्रीव्ह्यूची सोय आहे.

'पाचशे रुपयांत दहा हजार व्हिजिटर' असल्या ऑफरला भुलणं. यावर मी बोलत नाही.

खातं एजन्सीवाल्याच्या ई-मेलवर उघडू देणं. भांडण झालं की वर्षभराची माहिती त्याच्याबरोबर जाते. एकदा माझंच असं झालंय, तेव्हापासून खातं धंदेवाल्याच्या नावावर, मला फक्त अ‍ॅक्सेस.

फेसबुकवर निळं 'बूस्ट' बटण दाबणं. लाइक आणि कमेंट मिळतील, वेबसाइटवर कुत्रं फिरकणार नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जा, ट्रॅफिक निवडा आणि लिंक क्लिकऐवजी लँडिंग पेज व्ह्यू घ्या, म्हणजे क्लिकनंतर पान खरंच उघडलं ते. क्लिक शंभर आणि पेज उघडलेले चाळीस दिसले, तर दोष बहुधा जाहिरातीचा नाही, तुमच्या जड वेबसाइटचा.

माणूस आला, पण कुठं आला?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर गवगवा झाला. आपल्या चपलेला २०१९ मध्येच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण जाहिरात द्यायची आठवण त्या पंधरवड्यात झाली. एका दुकानदारानं मला रात्री अकराला उठवलं. "उद्या सकाळी चालू पाहिजे."

मी म्हटलं, आधी वेबसाइट दाखवा. जाहिरातीत लिहायचं होतं 'हातानं शिवलेली कापशी चप्पल', आणि लिंक होती मुख्यपानाची. तिथं काय, तर मालकांच्या सत्काराचे फोटो, तेही कॅमेऱ्यातनं काढले तसेच चढवलेले. माझ्या फोनवर पान उघडेपर्यंत चहा झाला. कापशी तिसऱ्या पानावर. मापाचा तक्ता नाही, आणि फोन नंबर फोटोत छापलेला, म्हणजे बोट लावून फोन लागत नाही.

पाच दिवस मी जाहिरात चालू केली नाही. मालक चिडले, शेजारच्याची चालू झाली म्हणाले. झाली असेल. आम्ही फक्त कापशीचं एक पान केलं, फोटो हलके केले, मापं सेंटिमीटरमध्ये दिली, नंबर दाबता येईल असा लावला. नंबर दाबला की त्याची कन्व्हर्जन म्हणून, म्हणजे जाहिरातीतून काम झालं अशी, नोंद होईल, तीही सोय केली. शिवाय गल्ल्याजवळ एक वही. फोन आला की एकच प्रश्न, "नंबर कुठनं मिळाला?" कॉम्प्युटरची नोंद आणि वही जुळत नसेल तर मी वहीवर विश्वास ठेवतो.

आणि पैशाचं. रोजचं बजेट पाचशे ठेवलं तरी एखाद्या दिवशी गुगल दुप्पट खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, त्यात ते बसवून घेतलं जातं. तेव्हा हजार गेलेले बघून रात्री मला फोन करू नका. १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. जीएसटी नंबर असेल तर तो खात्यात पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर मार्चमध्ये सीए तुम्हाला शोधत येईल.