मालदीवच्या एका बेटावर राहायला जाताना: नाशिकहून निघण्यापूर्वी काय ठरवून ठेवावे

मालदीवमध्ये १९७२ साली पहिले पर्यटन-रिसॉर्ट सुरू झाले आणि तेव्हापासून तेथे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रुळली. साधारण १,२०० छोट्या प्रवाळबेटांच्या या देशात आपण रिसॉर्टच्या ज्या बेटावर उतरतो त्यावर दुसरे हॉटेल नसते, किराणा दुकान नसते, औषधांचे दुकान नसते आणि जेवणाखाणाच्या जागाही त्याच रिसॉर्टच्या असतात. गोव्यात किंवा महाबळेश्वरला हॉटेल आवडले नाही तर आपण शेजारच्या खाणावळीत जेवून येतो. येथे ती सोय नाही. म्हणून खोली, जेवण आणि बोटीचा वा विमानाचा प्रवास या तिन्ही गोष्टी नाशिकमध्ये घरी बसूनच पक्क्या कराव्या लागतात.

सर्वांत आधी हंगामाचा विचार करावा. डिसेंबर ते एप्रिल या काळात तेथे ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश निरभ्र असते आणि दरही सर्वाधिक असतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदार कुटुंबांना मात्र नेमके हेच महिने काढणीचे असतात आणि मोकळीक मिळते ती मे महिन्यात, जेव्हा मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी पाऊस सुरू झालेला असतो. याने नाराज होण्याचे कारण नाही. तो पाऊस बहुधा सरींचा असतो, दर बरेच उतरलेले असतात, आणि बा अटॉलमधील (अटॉल म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह) हनिफारू खाडीत मे ते नोव्हेंबरदरम्यान मांटा रे हे प्रचंड मासे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाण्यासाठी जमतात. समुद्र मात्र या दिवसांत खवळू शकतो. ज्यांना बोटीत मळमळते त्यांनी ते लक्षात ठेवावे.

यानंतर विमानाची वेळ. माझ्या मते सगळ्या बेतातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि बहुतेक लोक तिच्याकडे शेवटी पाहतात. माले शहराजवळच्या वेलाना विमानतळावर उतरल्यावर रिसॉर्टच्या बेटापर्यंत स्पीडबोटीने, सी-प्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) किंवा देशांतर्गत विमान आणि बोट अशा जोडप्रवासाने जावे लागते. यांपैकी सी-प्लेन फक्त दिवसाच्या उजेडात उडते, त्यामुळे दुपारी साडेतीनच्या सुमारास किंवा त्यानंतर उतरणाऱ्या प्रवाशाला त्या दिवशीचे उड्डाण मिळण्याची खात्री नसते. पहिल्या खेपेस आम्ही स्वस्त तिकीट पाहून संध्याकाळी पोहोचणारे विमान निवडले. ती रात्र विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात काढावी लागली आणि बेटावरच्या रिकाम्या व्हिलाचे त्या रात्रीचे भाडेही गेले. आईवडिलांना पहिल्यांदा परदेशी नेले होते, म्हणून ते अधिकच लागले.

मुंबईहून मालेला थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते, पण नाशिक ते मुंबई विमानतळ हा रस्ता कसारा घाटातील वाहतुकीवर आणि मुंबईच्या वेशीवरील कोंडीवर अवलंबून असतो. सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्रीच मुंबईत मुक्कामाला जावे. पहाटे दोनला निघून घाट उतरायचा आणि विमान चुकण्याच्या धास्तीत राहायचे, यापेक्षा त्या मुक्कामाचा खर्च मला योग्य वाटतो. सी-प्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारणतः २० किलो आणि हातातील पिशवी ५ किलो अशी असते, हेही तिकीट काढतानाच ध्यानात घ्यावे. वृद्ध माणसे किंवा लहान मुले सोबत असतील तर मालेच्या जवळच्या अटॉलमधील, स्पीडबोटीने जाता येईल असे बेट निवडणे सोयीचे, कारण स्पीडबोट रात्रीही धावते.

आता पैशांचे. संकेतस्थळावर दिसणारा दर पुष्कळदा करांशिवाय असतो. समजा, दोघांसाठी एका रात्रीचे भाडे ६०० डॉलर आहे. त्यावर १० टक्के सेवाशुल्क धरून ६६०; त्यावर जुलै २०२५ पासून लागू असलेला १७ टक्के पर्यटन जीएसटी धरून सुमारे ७७२; आणि माणशी प्रतिरात्री १२ डॉलर हरितकर मिळवला की आकडा ७९६ वर जातो. चार रात्रींत हा फरक जवळपास ७८५ डॉलरचा होतो. सी-प्लेनचे भाडे यात धरलेले नाही आणि ते माणशी जाऊन-येऊन अनेकदा ४०० डॉलरच्या पुढे असते. म्हणून आरक्षणापूर्वी रिसॉर्टकडून ‘सर्व कर आणि प्रवासासह एकूण रक्कम’ ईमेलवर लेखी मागवावी. सहल कंपनीकडून संपूर्ण पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर, आकारला जातो. त्याची नोंद जपून ठेवावी, कारण विवरणपत्र भरताना ती रक्कम आपल्या करात वळती करता येते.

जेवणाच्या योजनेत हात आखडता घेऊ नये. बेटावर जवळजवळ सर्व शिधा बाहेरून येतो, त्यामुळे सुटे जेवण फार महाग पडते. किमान नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरलेली योजना घ्यावी. शाकाहारी माणसांनी ‘मासा, अंडे आणि माशाचा अर्क चालत नाही’ असे स्पष्ट लिहून कळवावे, कारण मालदीवच्या स्थानिक स्वयंपाकात टूना मासा सर्वत्र असतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही आठवडाभर आधी कळवावे. अनेक रिसॉर्टांत भारतीय आचारी असतात आणि वेळेवर कळले तर ते मनापासून करून देतात. उपवासासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि मुलांसाठी आपला चिवडा बॅगेत असू द्यावा.

काही वस्तू मात्र मुळीच नेऊ नयेत. नाशिकहून निघताना भेट म्हणून वाइनची बाटली घेण्याचा मोह होतो, पण मालदीवमध्ये मद्य आणण्यास बंदी आहे आणि विमानतळावरच ते काढून घेतले जाते. रिसॉर्टवर विकत मिळणारे मद्य परवान्याखालील असते. डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्तीही निषिद्ध आहेत. प्रवासात देवघरातील लहानसा गणपती सोबत ठेवण्याची ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी या वेळी तो घरीच ठेवावा. पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क घोषणापत्र भरावे लागते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

खोली निवडताना पाण्यावरच्या व्हिलाचे आकर्षण साहजिक आहे, परंतु त्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि लहान मुलांसाठी मला ती जागा सुरक्षित वाटत नाही. मुले असतील तर किनाऱ्यावरचा व्हिला घ्यावा. ‘हाऊस रीफ’ म्हणजे पोहत जाता येईल इतके जवळचे प्रवाळ आहे का, हे अवश्य विचारावे. काही सुंदर बेटांभोवती केवळ उथळ वाळू असते आणि मासे पाहण्यासाठी रोज पैसे भरून बोटीने जावे लागते. गंगापूर धरणात किंवा तरणतलावात पोहणाऱ्यालाही समुद्रातील ओढ नवी असते, म्हणून पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, वाटाड्यासोबतच पाण्यात उतरावे. प्रवाळावर पाय ठेवू नये. ते सजीव आहे, आणि १९९८ तसेच २०१६ साली समुद्र तापल्याने तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यातून सावरणाऱ्या जिवावर आपल्या टाचेचा भार नको. याच कारणासाठी प्रवाळाला घातक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेले सनस्क्रीन न्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर परतीच्या विमानापूर्वीचे २४ तास त्यापासून दूर राहावे. प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नयेत, ते देशाबाहेर नेणे बेकायदा आहे. सी-प्लेनची परतीची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती बरेचदा सकाळी लवकरची असते, म्हणून त्याच संध्याकाळी स्वागतकक्षात बसून बिलातील प्रत्येक ओळ तपासून घ्यावी.