अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सकांनी व्यावसायिक विमा कसा घ्यावा

सुई केसाएवढी बारीक, रक्त क्वचितच येतं, पेशंट तासाभरात चालत घरी जातो. म्हणूनच ‘आपल्याला कशाला विमा?’ असं म्हणणारे अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सक बरेच भेटतात. पण मान आणि खांद्यामधल्या बिंदूवर सुई जरा खोल गेली, तर खाली फुफ्फुसाचं टोक असतं. त्याला छिद्र पडलं की छातीत हवा साठते आणि पेशंटला रुग्णालयात दाखल करावं लागतं. हे विरळ आहे, तरी घडतं. त्याहून नेहमीचे प्रसंग म्हणजे मॉक्साचा (जळत्या वनस्पतीच्या शेकाचा) चटका, कपिंगचे (त्वचा ओढून धरणाऱ्या कपांचे) फोड, मानेमागे काढायची राहून गेलेली सुई, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला झालेला मोठा रक्तगुठळा, पेसमेकर असलेल्याला सुयांमधून सौम्य वीज देऊन लावलेलं इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर. अशा वेळी पेशंटने मागितलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च ज्यातून निघतो, तो विमा म्हणजे प्रोफेशनल इंडेम्निटी.

तो घेताना बहुतेक जण दोन आकडे पाहतात, रक्कम आणि हप्ता. माझ्या मते ते शेवटी पाहायचे. आधी पाहायचं ते पॉलिसीत तुमचं काम काय म्हणून लिहिलंय.

पायरी १ : नोंदणी आणि कागद जुळवा

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणी प्रमाणपत्र, त्याच्या नूतनीकरणाची पावती, अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, दवाखान्याचा पत्ता हे सगळं एका फाईलमध्ये लावा. बेकायदा केलेल्या कामाला विमा संरक्षण देत नाही, त्यामुळे नूतनीकरण राहिलं असेल तर विम्याआधी ते उरका. इतर राज्यांत प्रॅक्टिस करणाऱ्यांनी तिथला नियम वेगळा पाहावा. महाराष्ट्राची नोंदणी तिथे आपोआप चालेल असं धरून चालू नका.

पायरी २ : फॉर्म स्वतः भरा

ही पायरी घाईत उरकू नका. विमा कंपन्यांच्या फॉर्ममध्ये फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य असे ठरलेले गट असतात. अ‍ॅक्युपंक्चरचा रकाना बहुधा नसतोच. मग एजंट म्हणतो, ‘फिजिओथेरपिस्टवर टिक करू, काही फरक पडत नाही.’ फरक पडतो, आणि तो नेमका क्लेमच्या दिवशी कळतो. विमा हा पूर्ण खरं सांगण्याच्या अटीवर उभा असलेला करार आहे. चुकीच्या गटात भरलेला फॉर्म म्हणजे कंपनीच्या हाती क्लेम नाकारण्याचं आयतं कारण.

म्हणून फॉर्मसोबत एक पत्र जोडा. त्यात तुम्ही प्रत्यक्ष जे करता ते एकेक करून लिहा : शरीरावरचं अ‍ॅक्युपंक्चर, कानावरचं, इलेक्ट्रो, मॉक्सा, कपिंग, लेसर, घरी जाऊन दिलेले उपचार, शिबिरं. ‘अ‍ॅक्युपंक्चर व संबंधित उपचार’ असं मोघम लिहिलंत तर कपिंग ‘संबंधित’ आहे की नाही यावर पुढे वाद होऊ शकतो. पॉलिसी हातात आली की हे शब्द तिच्यात किंवा तिच्या पुरवणीत छापून आलेत का ते तपासा. एजंटचं तोंडी ‘हो’ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा यावर विसंबू नका.

बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएस असून जोडीला सुया लावणाऱ्यांनीही हेच करायचं. जुनी पॉलिसी मूळ पॅथीच्या नावावर असेल तर अ‍ॅक्युपंक्चर तिच्यात लेखी जोडून घ्या.

पूर्वी कुणी तक्रार केली असेल, नोटीस आली असेल, किंवा ‘हा पेशंट कोर्टात जाणार’ अशी चिन्हं दिसत असतील, तर तेही फॉर्ममध्ये सांगावं लागतं. ते लपवून घेतलेली पॉलिसी गरजेच्या वेळी बहुधा टिकत नाही.

पायरी ३ : तारखा समजून घ्या

गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढं पाहतात. इथे तसं नाही. भारतातल्या या पॉलिसी बहुतेक ‘क्लेम्स-मेड’ प्रकारच्या असतात. उपचार पॉलिसीतल्या पूर्वलक्षी तारखेनंतर (ज्या तारखेपासूनचे उपचार पॉलिसीत धरले जातात तिच्यानंतर) झालेला हवा आणि दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, अशा दोन्ही अटी एकदम लागतात.

समजा, पहिली पॉलिसी १ एप्रिल २०२२ ला घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका पेशंटला उपचार दिले आणि जून २०२५ मध्ये त्याची नोटीस आली. दरवर्षी न चुकता नूतनीकरण केलं असेल, तर २०२५ ची पॉलिसी हा दावा पाहील. पण २०२४ मध्ये खंड पडला आणि जानेवारी २०२५ मध्ये स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी घेतली, तिची पूर्वलक्षी तारीखही जानेवारी २०२५ च पडली, तर २०२३ चे उपचार उघड्यावर आले. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ग्राहक आयोग योग्य कारण असेल तर उशीरही माफ करू शकतो, त्यामुळे हा धोका कागदावरचा नाही. कंपनी बदलताना जुनी पूर्वलक्षी तारीख कायम ठेवण्याचं लेखी मागा. प्रॅक्टिस बंद करतानाही पुढच्या काही काळात येणाऱ्या दाव्यांसाठी वाढीव मुदत मिळते का ते विचारा.

पायरी ४ : रक्कम ठरवा

‘माझी फी तीनशे रुपये, माझ्यावर कोण कशाला लाखांचा दावा करेल?’ हा हिशेब चुकीचा आहे. भरपाई तुमच्या फीवर ठरत नाही. पेशंटचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवरून ती काढली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते असं ठरवलं. आणि २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. म्हणजे तीनशे रुपये देणारा पेशंट मोठी रक्कम मागायलाही जिल्हा आयोगातच जाईल, घराजवळ आणि कमी खर्चात. आणि पेशंटची कमाई जागेप्रमाणे बदलते, म्हणून हिंजवडीत किंवा ठाण्यात बसणाऱ्याने तालुक्याच्या गावातल्या मित्राची रक्कम बघून स्वतःची ठरवू नये.

पॉलिसीवर एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची एकूण मर्यादा यांचं १:१, १:२ किंवा १:४ असं एक गुणोत्तर असतं. वर्षाची एकूण मर्यादा ४० लाख आणि गुणोत्तर १:४ असेल, तर एका घटनेसाठी फक्त १० लाख मिळतात. हप्ता कमी दिसण्याचं गुपित बऱ्याचदा इथे असतं. एकट्याचा छोटा दवाखाना असेल तर मी १:१ घेईन. एका वर्षात चार दावे येण्यापेक्षा एकच मोठा दावा येणं जास्त संभवतं. वकिलाचा खर्च या मर्यादेतूनच वजा होतो की वेगळा मिळतो, आणि प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाते, हेही विचारा. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

पायरी ५ : काय मिळणार नाही ते वाचा

वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. वजन घटवण्याचे उपचार अनेक वैद्यकीय पॉलिसींत वगळलेले असतात. ज्यांच्या पाटीवर ‘सुईने वजन कमी करा’ असं ठळक लिहिलंय, त्यांनी हा मुद्दा आधी सोडवून घ्यावा. ‘शंभर टक्के बरे करू’ अशी हमी दिली असेल तर त्या हमीची जबाबदारी विमा उचलत नाही.

गुन्हेगारी खटल्यातला दंड यात येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टरांना दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची सवलत आहे. पण ती राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच. नुसत्या अ‍ॅक्युपंक्चर नोंदणीवर काम करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतची सर्वसाधारण तरतूद लागते.

पेशंट दवाखान्याच्या पायरीवरून घसरला, तर तो उपचारातला दोष नव्हे. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी किंवा दवाखान्याची पॅकेज पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. मदतनीस सुया काढत असेल तर त्याचं काम तुमच्या पॉलिसीत धरलंय का ते पाहा. आणि ‘कायदेशीर मदत योजना’ म्हणून विकलं जाणारं सभासदत्व म्हणजे विमा नव्हे. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि आयआरडीएआयचा (विमा क्षेत्राच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक नसेल, तर भरपाईची रक्कम कोण देणार हे आधी विचारा.

पायरी ६ : नोंदी ठेवा

प्रत्येक पेशंटची संमती त्याला कळणाऱ्या भाषेत, सहीसह. पहिल्या भेटीत चार प्रश्न लेखी : रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर, गरोदरपण, फिट्स. लावलेल्या आणि काढलेल्या सुयांची संख्या रोज लिहा. राहून गेलेल्या सुईच्या तक्रारीला याहून चांगलं उत्तर नाही. सुया एकदाच वापरायच्या आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न टोचणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकायच्या.

पायरी ७ : नोटीस आली तर

उत्तर स्वतः लिहू नका, फोनवर ‘चुकलं माझं, पैसे परत देतो’ म्हणू नका. पेशंटची चौकशी जरूर करा, त्याला रुग्णालयात न्या. पण कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य केली किंवा तडजोड केली, तर ती पैसे नाकारू शकते. त्याच दिवशी ईमेलने कंपनीला कळवा आणि पोच जपून ठेवा. केसपेपरमध्ये मागाहून एक अक्षरही घालू नका.

ग्राहक आयोगाची नोटीस असेल तर तक्रारीच्या प्रतीसह ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. ४५ दिवसांपुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. कंपनी वकील कधी नेमणार याची वाट पाहत हे दिवस घालवू नका; आठवड्यात हालचाल दिसली नाही तर लेखी विचारून स्वतःचा वकील उभा करा.

कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि तिच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यालाही ही वाट खुली आहे. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. फक्त त्याच विषयावर तुम्ही ग्राहक आयोगात गेलेले नसलं पाहिजे.