उन्हाळ्यात घरी कृष्णधवल रोल धुताना

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी इतके तापलेले असते की, जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्यात जपून वापरलेला रोल त्या पाण्याने धुतल्यास निगेटिव्ह हमखास बिघडते. यासाठी डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) आणि फिक्सर (ते चित्र कायम करणारे रसायन) यांच्या बाटल्या व धुण्याच्या पाण्याचा जग एकाच घमेल्यात ठेवून भोवती बर्फाचे पाणी घालावे आणि डेव्हलपर २० अंश सेल्सिअसवर आला की सगळे बाहेर काढून लगेच काम सुरू करावे. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, कारण तो पातळ होतो.

पारा २४ अंशांखाली येतच नसेल, तर फिल्म डेव्हलपरमध्ये ठेवण्याचा वेळ कमी करावा. इलफर्ड एचपी५ प्लस फिल्मला पातळ न केलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात, तर २४ अंशांवर सव्वापाचच्या आसपास पुरतात.

शेवटच्या धुण्याला नळ सोडून ठेवायची गरज नाही. साधा, हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारे रसायन) नसलेला फिक्सर असेल, तर फिल्म ठेवलेली छोटी डेव्हलपिंग टाकी भरून ५ वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून १० वेळा आणि पुन्हा बदलून २० वेळा. तीन टाक्यांत काम होते. जगमधले पाणी कमी पडल्यास माठातले घ्यावे, परंतु थर्मामीटर बुडवूनच. थंड फिक्सरनंतर मी एकदा घाईत नळाचे गरम पाणी ओतले होते आणि कृष्णेच्या घाटाच्या संपूर्ण रोलवर बारीक सुरकुत्यांची जाळी उमटली.