तुमची गाणी दुसऱ्यानेच अल्बम करून टाकली तर काय करायचं

आमच्या बँडसोबत हे झालंय म्हणून लिहितोय. जळगावात एका स्टुडिओत तासाचे पैसे देऊन सहा अहिराणी गाणी रेकॉर्ड केलेली, रॉक स्टाईलची, मिक्सिंग बाकी होतं म्हणून थांबलो होतो आणि एक दिवस अमळनेरच्या मित्राने लिंक पाठवली, बघतो तर सहाच्या सहा गाणी अल्बम म्हणून लागलेली, वर फोटो भलत्याचाच. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला आमचा ड्रमर "हां, घे भो" म्हणतो ते पण तसंच, कापलं सुद्धा नव्हतं. खूप लागलं मनाला.

सगळ्यात आधी, समोरच्याला फोन करून भांडू नका. तो घाबरून अल्बम उडवतो आणि पुरावा जातो. आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, लिंक, तारीख, व्ह्यूज सगळं दिसू द्या, आणि अल्बमच्या खाली वर्तुळात पी आणि पुढे नाव असतं ते तर नक्कीच, कारण रेकॉर्डिंगवर मालकी कोण सांगतोय ते तिथेच कळतं. आमच्या "घे भो"सारखी खूण असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, तोच टेक आहे हे सिद्ध करायला याहून चांगलं काही नाही. कोर्टात असा डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकिलाला आठवण करा.

मग कागद, आणि खरी लढाई इथेच आहे. गळा तुमचा म्हणून रेकॉर्डिंग आपोआप तुमचं होत नाही, इथे भलेभले फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. म्हणून स्टुडिओचं बिल, यूपीआयची एंट्री, तारखा ठरवल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळं काढा. समोरचा म्हणेल तुम्ही तोंडी हक्क दिले होते, तर कलम १९ दाखवा, हक्क लेखी आणि सही करूनच देता येतात. आणि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं पारंपरिक गाणं असेल तर शब्द-चाल सगळ्यांची, पण तुमचं रेकॉर्डिंग तुमचंच.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनएवढा माणूस, त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगच्या सीडी परवानगीशिवाय निघाल्या तर १९९८ मध्ये लंडनच्या हायकोर्टात त्याला स्वतः साक्ष द्यावी लागली. जिंकला, पण २००१ च्या अपिलात वाद कशावर, तर एका जुन्या कराराचा मूळ कागदच नव्हता, मग दुसरा पुरावा चालेल का. कोर्ट म्हणालं चालेल. तेव्हा झेरॉक्स सुद्धा फेकू नका.

आता कारवाई. प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार द्या, कायद्यात ३६ तासांत लिंक बंद करायची तरतूद आहे, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत सुरू करू शकतात, त्यामुळे खाली उतरलं म्हणून निवांत बसू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा. कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे जळगाव नाहीतर धुळे, मुंबईच्या चकरा नाहीत. पहिली मागणी तात्पुरत्या मनाई हुकमाची, भरपाई आणि त्याने कमावलेल्या पैशाचा हिशोब त्यासोबतच मागा. पोलिसात पण जाता येतं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, साक्ष्यवालं ६३ वेगळं, गोंधळू नका.

आम्ही आता माईक लावायच्या आधी अर्ध्या पानावर लिहून घेतो, पैसे कोणी दिले, रेकॉर्डिंग कोणाचं, फाइल कोणाकडे राहणार, खाली स्टुडिओवाल्याची सही आणि तारीख, दोन प्रती. पाच मिनिटं लागतात.