जुन्या बटनांच्या लँडलाइन फोनचे सेल बदलण्याआधी

फोन आधी उलटा करा आणि खाली सेलचं झाकण आहे का ते बघा. नसेल तर पुढची खटपट करायची गरज नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात चकतीच्या जड काळ्या फोनची जागा घेणारे साधे बटनांचे फोन बहुतेक सेलवर चालतच नव्हते. एक्स्चेंजकडून तारेतून येणाऱ्या ४८ व्होल्टवर त्यांचं सगळं भागायचं. सेल घरोघरी आले ते पुढे, येणाऱ्या कॉलचा नंबर दाखवणारा पडदा फोनवर आला तेव्हा. रिसीव्हर जागेवर असताना फोनने लाइनमधून वीज ओढायची नसते, नाहीतर कोणीतरी फोन उचलला असं एक्स्चेंज धरून चालतं. त्यामुळे आलेला नंबर वाचणं, घड्याळ चालवणं, साठवलेले नंबर जपणं ही कामं तीन-चार पेन्सिल सेलांकडे आली.

एवढं लक्षात घेतलं की उगाच सेल आणणं टळतं. डायलटोन, घंटी आणि बोलणं ही लाइनची कामं. डायलटोन नसेल तर रोझेट (लाइन जिथे येते तो भिंतीवरचा छोटा डबा), वायर, पिन तपासा. पडदा फिका पडलाय, घड्याळ सारखं शून्यावर येतंय, घंटी वाजते पण नंबर उमटत नाही, असं असेल तर मात्र बहुधा सेल संपलेत.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी, आणि तिला वही-पेन सोडून काही लागत नाही. साठवलेले नंबर लिहून घ्या. एकही सेल काढायच्या आधी. माझ्या आत्याच्या फोनचे सेल मी पाच मिनिटांत बदलून दिले होते आणि त्या पाच मिनिटांत तिचे सगळे नंबर पुसले गेले. तिला एकही पाठ नव्हता. पहिलं बटन म्हणजे डॉक्टर, दुसरं म्हणजे मुलगा, एवढंच तिला ठाऊक. चार दिवस ती बटनं दाबत राहिली आणि फोन लागत नाही म्हणून घाबरत राहिली. सेल काढल्यावर थोडा वेळ स्मृती टिकते असं काही फोनांच्या माहितीपत्रकात असतं, पण जुन्या फोनमध्ये त्यावर विसंबू नका. पडदा वाचता येत असेल तर एकेक मेमरी बटन दाबून नंबर उतरवा. पडदा पूर्ण गेला असेल पण बटन अजून नंबर लावत असेल, तर सरळ फोन लावा आणि पलीकडे जो उचलेल त्यालाच त्याचा नंबर विचारा.

लिहून घेतानाच एक दुरुस्ती करून टाका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी ० लावावा लागतो. त्याआधी साठवलेले आपल्याच सर्कलमधले (टेलिफोन विभागातले) मोबाइल नंबर बहुधा शून्याविना असतील. वहीत ० लिहून ठेवा, म्हणजे परत भरताना विसरणार नाही.

सेल विकत घेताना जुना सेल खिशात नेण्यापेक्षा झाकणाच्या आत काय छापलंय ते वाचा: पेन्सिल सेल (AA) की बारीक पेन्सिल सेल (AAA), किती, आणि कोणतं टोक कुठे. सगळे एकाच जातीचे आणि एकाच पाकिटातले घ्या, जुना-नवा मिसळू नका. मी अल्कलाइन घेते, कारण इतक्या कमी विजेच्या कामात ते वर्षानुवर्षं पुरतात. चार्ज होणारे सेल इथे नकोत. त्यांचा व्होल्टेज १.२, साध्याचा १.५, तीन सेलांत हा फरक जवळजवळ एका व्होल्टचा होतो आणि पडदा पुन्हा फिकाच दिसतो. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, ते चुकूनही घालू नका.

आता झाकणाआड काय सापडेल त्याची तयारी. दहा-पंधरा वर्षं न उघडलेल्या फोनमध्ये सेल गळलेले असण्याची शक्यता बरीच. त्यासाठी रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक पॉलिश पेपर जवळ हवा. सेलवर काय लिहिलंय ते आधी पाहा, कारण उपाय त्यावर ठरतो. अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षारधर्मी असतं. त्याच्या पांढऱ्या खरवडीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतं आणि ती सुटते. जुने स्वस्त झिंक-कार्बन सेल गळले तर ते आम्लधर्मी, त्यांना सोड्याचं पाणी. काडी ओली करायची, निथळती नाही; पाणी फटीतून आत सर्किटवर गेलं तर फोन वाचवायला निघून घालवून बसाल. मग अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि स्प्रिंगवर गंज उरला असेल तरच पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. पत्र्यावरचा चकचकीत मुलामा एकदा घासून गेला की पुढचा गंज लवकर धरतो. हिरवट-निळा थर वायरपर्यंत चढलेला दिसला तर ती वायर तेवढी कापून नव्याने डाग द्यावा लागेल. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या.

काही फोनांत, विशेषतः कॉर्डलेसमध्ये, सेल वेगळे नसून प्लास्टिकात गुंडाळलेला ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा जुडगा असतो. तो चार्ज होणारा आहे. त्याच्या जागी साधे सेल जोडायचे नाहीत. फोन ज्यावर ठेवतो तो तळ त्यांना चार्ज करायला जाईल आणि ते गळतील किंवा फुटतील. तेवढ्याच व्होल्टचा, त्याच जोडणीचा नवा जुडगा आणा आणि लाल-काळ्या वायरींचा फोटो आधीच काढून ठेवा.

हे सगळं टेबलावर मांडून झालं की मगच लाइनची पिन काढा. नुसतं झाकण उघडायचं असलं तरी काढाच, आणि स्क्रू काढून फोन खोलणार असाल तर काढल्याशिवाय हात घालू नका. घंटी वाजते तेव्हा तारेत ७५ व्होल्टच्या आसपास वीज असते, बोट लागलं तर चांगलाच झटका बसतो.

सेल बसले, पिन परत लागली, की वेळ-तारीख लावा आणि वहीतले नंबर भरा. घरी आता फायबर आलं असेल आणि फोन त्याच्या मोडेमच्या डब्याला जोडलेला असेल, तर फोनच्या कडेचं पी-टी (पल्स-टोन) बटन टी वर आहे ना ते बघा. बरेच डबे जुन्या पद्धतीच्या टकटक डायलिंगला ओळखत नाहीत. मग आपल्या मोबाइलवरून या फोनला रिंग द्या आणि पडद्यावर नंबर उमटतो का ते पाहा. शेवटी प्रत्येक मेमरी बटन एकदा दाबून फोन लागतो का ते ऐका. ज्यांचा फोन आहे त्यांच्याच हाताने दाबून घ्या.

काढलेले सेल कचऱ्याच्या बादलीत नकोत, निकेल-कॅडमियमचा जुडगा तर मुळीच नको. कॅडमियम विषारी असतं. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. झाकणाच्या आत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि वहीतलं नंबरांचं ते पान फाडून फोनखाली ठेवा.