नकाशावरची पिवळी पट्टी

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा माझी नजर सरळ पूर्वेकडे गेली. अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुने नाईस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक, त्यांच्यावर कलादगी नावाच्या खडकसमूहाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, मग 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा बेसॉल्ट, आणि ठिकठिकाणी या सगळ्यांवर जांभ्याची टोपी. एका जिल्ह्यात एवढं सगळं. आणि पश्चिमेला, समुद्राला चिकटून, धाग्याएवढी एक फिकट पिवळी पट्टी. सूचीत तिच्यापुढे फक्त 'गाळ व किनारी वाळू' असं लिहिलेलं.

एमएस्सीच्या प्रबंधाला मला ती पिवळी पट्टी मिळाली आणि मी हिरमुसले. वर्गातल्या बाकीच्यांना डाइक (भेगेत घुसून गोठलेल्या शिलारसाच्या भिंती), खडकांच्या घड्या, खनिजं मिळाली होती. मला वाळू. आज मी भूजलाच्या कामात आहे आणि मला रोज लागणारं जवळजवळ सगळं त्या पट्टीनं शिकवलं. क्वाटर्नरी, म्हणजे गेल्या 25 लाख 80 हजार वर्षांत साचलेले थर, आणि त्यातही होलोसीन, म्हणजे शेवटची 11,700 वर्षं, यांचं मॅपिंग पहिल्यांदाच करायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. कोकणात माणसं घरं बांधतात, माड लावतात, विहिरी खणतात आणि होड्या ओढून ठेवतात ती जमीन बहुतेक वेळा हीच असते.

माझा भाग मालवणपासून तारकर्ली, देवबाग आणि कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगव्यापर्यंतचा. पहिली अडचण कागदावरच आली. 16 अंश उत्तर अक्षांश देवबागजवळून जातं, त्यामुळे मालवण 47 एच या टोपोशीटवर, म्हणजे स्थलदर्शक नकाशाच्या पानावर, आणि देवबागचं टोक 48 ई वर. दोन टोपोशीट जोडल्याशिवाय एका वाळूच्या दांड्याचा नकाशाच होत नाही. दुसरी अडचण प्रमाणाची. 1:50,000 वर एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटर. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये देवबागची वस्ती. अरुंद जागी तो दांडा नकाशावर पेन्सिलीच्या दोन-तीन रेघांतच संपतो. म्हणून कामाचा नकाशा 1:10,000 वर करा आणि शेवटी लहान करा. मी उलटं केलं आणि एक महिना वाया घालवला.

फील्डवर जाण्याआधी उपग्रहचित्रं बघाच, पण वेगवेगळ्या वर्षांची आणि वेगवेगळ्या महिन्यांची. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समोरच्या बुडालेल्या बांधात नेऊन ठेवतात, आणि ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. मेमधली रुंद पुळण आणि ऑगस्टमधली अरुंद पुळण ही एकाच जागेची दोन रूपं आहेत. 'किनारा इथे आहे' अशी रेघ मारायची असेल तर पाण्याची कड धरू नका, झाडोऱ्याची कड धरा. जिथे मर्यादवेल सुरू होते तिथे वाळू थोडी तरी स्थिरावलेली असते. तिच्या मागे टेकाड, त्यावर सुरूची झाडं किंवा केवडा, त्यामागे सखल मळा आणि माड, आणि खाडीच्या अंगाला तिवरं. ही ओळख पटली की अर्धा नकाशा चालता चालता होतो. नदीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यांवर मात्र तारीख लिहिल्याशिवाय रेघ काढूच नये. देवबागजवळ खाडीत 'त्सुनामी आयलंड' नावाचा वाळूचा उंचवटा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथे सांगतात. अशी गोष्ट वहीत 'स्थानिक माहिती' म्हणून जशीच्या तशी उतरवायची, आणि जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय अहवालात पुरावा म्हणून वापरायची नाही.

भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण मला ती एका मच्छीमार काकांनी शिकवली: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. काही मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण दिवसाची आखणी करायला पुरतं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी जास्त खोल जाते. पाण्याखालचे खडक आणि घट्ट झालेली शिंपल्यांची वाळू तेव्हाच दिसते. या दगड झालेल्या वाळूला उत्तर कोकणात करळ म्हणतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, कारण तिला जोडणारा सिमेंट चुन्याचा आहे. ती कुठे सापडली आणि आजच्या भरतीच्या रेषेपासून किती वर किंवा खाली, हे दोन्ही लिहायचं. उंची मोबाइलच्या जीपीएसवर घेऊ नका. आडव्या अंतरात त्याची चूक पाच-दहा मीटरांची असते, उभ्या अंतरात त्याहून जास्त, आणि आपण ज्या फरकाबद्दल बोलतो आहोत तो एक-दोन मीटरांचाच असतो. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यासाठीची मोजपट्टी) कुणाकडून तरी मागून आणा.

आता या कामातल्या मुख्य गोष्टीकडे येते: भोक पाडणं. खडकाच्या मॅपिंगमध्ये कडा, नाला, रस्त्याची खोदाई बघायला मिळते. सपाट मळ्यात काहीच दिसत नाही. हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे जमिनीत घालून माती वर काढणारं गिरमिट, हेच आपलं डोळ्याचं भिंग. कर्ली खाडीच्या काठच्या एका पडीक खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, मी पहिलं भोक पाडलं. वरचे 40 सेंटीमीटर तपकिरी, चिकट, जुन्या भातशेतीच्या मुळांनी भरलेले. मग रंग बदलला: निळसर करडा चिखल, बोटांवर साबणासारखा, आणि नासलेल्या अंड्याचा वास. दीड मीटर तसाच. आणि मग ऑगर अचानक खरखरला. वर आली ती स्वच्छ वाळू, फुटक्या शिंपल्यांसकट. चिखलाखाली पुळण. म्हणजे इथे कधीतरी लाटा पोचत होत्या. नंतर समोर दांडा वाढला, लाटा अडल्या आणि संथ पाण्यात चिखल बसत गेला. दोन मीटरांच्या भोकात दांड्याचा जन्म वाचता येतो हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण एका भोकावर कथा रचू नका. समुद्राकडून खाडीकडे एका रेषेत निदान तीन-चार भोकं घ्या, मगच थर जोडा. प्रत्येक थराचा रंग ओला असतानाच मुन्सेलच्या रंगपट्टीशी लावून लिहा, कारण निळा चिखल हवेत अर्ध्या तासात तपकिरी पडू लागतो. आणि सॅम्पलची पिशवी भरली की लगेच नाव, खोली आणि वरची बाजू दाखवणारा बाण. संध्याकाळी सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

ऑगर पोचत नाही तिथे विहिरी पोचतात. दारात जाऊन 'विहीर खणताना काय काय लागलं?' असं विचारायचं. 'पाच हात वाळू, मग शिंपले, मग काळा चिखल, चिखलात लाकूड' अशी उत्तरं मिळतात आणि ती चकित व्हावं इतकी नेमकी असतात, कारण ज्यानं खणलं त्याच्या पाठीला तो प्रत्येक हात आठवतो. लाकूड किंवा शंख सापडल्याचं कळलं तर ते कुणी ठेवलं आहे का, विचारा. विहिरीत पाण्याची पातळी आणि क्षारता दोन्ही मोजा. वाळूच्या दांड्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घायबेन-हर्झबर्गच्या नियमाप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी असू शकतं. ती पातळी अर्धा मीटर उतरली की खालून 20 मीटर खारं पाणी वर चढतं. वाळूचा थर कुठे जाड, कुठे पातळ हे नकाशात नीट आलं तर कुठे मोठा पंप बसवू नये ते गावाला सांगता येतं. ही गोष्ट मला या कामाकडे कायमची घेऊन आली.

माझी सगळ्यात मोठी चूकही एका विहिरीशेजारचीच. जमिनीखाली 60 सेंटीमीटरवर शिंपल्यांचा चांगला हातभर जाड थर मिळाला, आजच्या भरतीपेक्षा स्पष्ट वर. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. मग तो चढत आला, आणि पश्चिम किनाऱ्यावर सुमारे 6,000 वर्षांपूर्वी तो आजच्याहून थोडा वर होता असं बऱ्याच अभ्यासांत मांडलेलं मी वाचलं होतं. मला वाटलं, हीच ती जुनी पुळण. कार्बन डेटिंगसाठी सॅम्पल भरलं, वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. घरातल्या आजी पायरीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गो चेडवा, ही भट्टीची जागा. माजो सासरो हयसर शिंपले भाजून चुनो करी."

मी परत खड्ड्यात उतरले आणि या वेळी खरंच बघितलं. शिंपले जवळजवळ सगळे एकाच जातीचे, तिसऱ्या म्हणतात त्या खायच्या शिंपल्यांचे. कडा धारदार, लाटांनी घासल्याची खूण नाही. मधे मधे राख आणि कोळशाचे कण. खऱ्या पुळणीतले शिंपले मिसळीचे असतात, बरेचसे फुटलेले, गोलावलेले, त्यांच्यामध्ये एकसारखी वाळू असते. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं; मी बघितलं नव्हतं एवढंच. त्या आजी बोलल्या नसत्या तर त्या जागेच्या नावावर चुकीचं वय कायमचं नोंदलं गेलं असतं. तेव्हापासून वय काढायला सॅम्पल पाठवण्याआधी मी त्या त्या जागेच्या घरी बसून चहा घेते आणि जागेचा इतिहास विचारते. घाई असली तरी.

वयाबद्दल एवढंच सांगते की कार्बन सुमारे 50,000 वर्षांपर्यंतच चालतो, आणि समुद्री शिंपल्यांचं वय खऱ्यापेक्षा काही शतकं जास्त येतं, त्याची दुरुस्ती करावी लागते. वाळूच्या टेकाडांना ओएसएल ही वय काढायची दुसरी पद्धत बरी. त्यात वाळूचे कण शेवटचे उन्हात कधी आले ते मोजतात. म्हणून सॅम्पल अपारदर्शक पाइप ठोकून, दोन्ही तोंडं काळ्या कापडाने बंद करून घ्यायचं. क्षणभर ऊन लागलं तर ते सॅम्पल बाद. दोन्ही चाचण्या महाग आहेत; एका प्रबंधात दोन-तीन वयं मिळाली तरी पुष्कळ.

प्रयोगशाळेत चाळण लावण्याआधी सॅम्पल गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहिलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि बारीक वाळू जाड दिसते.

थोडं राहण्या-फिरण्याचं. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत फील्ड करा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीलाही एकटं उतरू नका, वाळू पायाखालून निघते. मुलींनी दोघी-दोघींनी जावं आणि पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत पत्र देऊन यावं. नंतर वाडीतले लोकच चौकशी करतात, जेवायला थांबवतात. तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. तिथे घरट्यांना कुंपण असतं, त्याच्या जवळपास ऑगर लावू नका. खाजण ओसाड दिसलं तरी ते कुणाचं तरी असतं, मालकाला विचारून पाय ठेवा.

नोकरीचं विचारणारे बरेच भेटतात. 1851 मध्ये सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आणि केंद्रीय भूजल मंडळात जायला यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. समुद्राची ओढ असेल तर गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रकल्पांवर मुलं घेतात. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 1991, 2011 आणि 2019 च्या अधिसूचना वाचून ठेवा, कारण सल्लागार कंपन्यांचं किनाऱ्यावरचं पुष्कळसं काम त्यांच्याभोवती फिरतं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर घरी बसून शिका, ते फुकट आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा मिळेल. तो उघडा, पिवळी पट्टी शोधा आणि तिच्यावर आपल्या गावाजवळची एक जागा निवडा.

माझ्या शेवटच्या नकाशात त्या एका पिवळ्या पट्टीचे सात रंग झाले: आजची पुळण, टेकाडांची पुढची ओळ, मागची जुनी ओळ, दोन टेकाडांमधला सखल मळा, खाडीचा चिखल, खाजण आणि जांभ्याच्या कड्याखाली पसरलेली लाल घसारा माती. आठवी खूण मी वेगळ्या रेघेनं काढली, माणसानं घातलेल्या भरावाची. तिच्यात त्या आजींच्या सासऱ्यांची भट्टीही आहे.